जुन्या शोभिवंत पेट्या: पारख, जतन आणि घरातील वापर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणत्या पेटीला ‘अँटिक’ म्हणावे आणि कोणत्या पेटीला ‘व्हिंटेज’?

शंभर वर्षे किंवा त्याहून अधिक वय असलेल्या वस्तूला अँटिक म्हणण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ आहे आणि अनेक देशांचे सीमाशुल्क नियमही हीच मर्यादा मानतात. व्हिंटेज हा शब्द सैल आहे. साधारणपणे वीस वर्षांपेक्षा जुनी, परंतु शंभरी न गाठलेली आणि आपल्या काळाची ओळख अंगावर वागवणारी वस्तू त्यात बसते. याखेरीज तिसरा प्रकार असतो तो जुन्या घाटाच्या नव्या पेट्यांचा. अशी पेटी नवी म्हणूनच विकली गेली तर तिच्यात गैर काहीच नाही.

वयाला मात्र अवाजवी महत्त्व देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी घाईघाईत ठोकलेल्या पेटीपेक्षा साठ वर्षांपूर्वी मन लावून घडवलेली पेटी घरात अधिक काळ टिकते आणि हाताळतानाही अधिक समाधान देते.

संग्रहाची सुरुवात कोणत्या पेट्यांपासून करावी?

दिसेल ती सुंदर पेटी घेत गेल्यास दोन-तीन वर्षांत घर भरते, पण नजर तयार होत नाही. त्यापेक्षा एखादा उपयोग किंवा एखादी कारागिरी निवडावी आणि तिच्यातील निरनिराळे नमुने पाहत जावे. वीस पेट्या एकाच जातीच्या पाहिल्या की एकविसाव्या पेटीतील वेगळेपण आपोआप डोळ्यांत भरते.

उपयोगानुसार पाहायचे तर चहाच्या कुलूपबंद पेट्या हा फार बोलका प्रकार आहे. इंग्रजीतील ‘कॅडी’ हे त्यांचे नाव ‘काती’ या सुमारे ६०० ग्रॅमच्या मलाय वजनावरून आले. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये चहावर जबर कर होता, त्यामुळे चहा कुलपात ठेवला जाई. १७८४ साली हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला गेला. तरीही कुलपाची प्रथा पुढे कित्येक दशके चालू राहिली, कारण तोवर ही पेटी दिवाणखान्याची शोभा बनली होती. मोठ्या पेट्यांमध्ये दोन बाजूंना झाकणाचे दोन डबे आणि मध्ये काचेचे भांडे अशी रचना आढळते.

लेखनाच्या पेट्या हा दुसरा समृद्ध प्रकार. उघडल्या की त्यांचा उतरता लेखनफलक तयार होतो, आणि कडेला दौत, टाक व कागद यांचे खण असतात. थॉमस जेफरसन यांनी १७७६ साली अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला तो मांडीवर ठेवता येणाऱ्या अशाच एका पेटीवर. तिचा आराखडा त्यांनी स्वतः केला होता, आणि ती आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. शिवणकामाच्या पेट्या, तपकिरीच्या डब्या, दागिन्यांचे करंडे आणि छापील चित्रांचे पत्र्याचे डबे हे आणखी काही मार्ग आहेत. नवशिक्याने पत्र्याच्या डब्यांपासून आरंभ करणे सोयीचे, कारण ते विपुल मिळतात, त्यांवरील मजकूर वाचता येतो आणि त्यांची पारख शिकताना झालेली चूक फार महाग पडत नाही.

कारागिरीचे कोणते प्रकार ओळखता यायला हवेत?

या प्रश्नाचे उत्तर लांब होणे अटळ आहे, कारण पेटीचा खरा आनंद येथेच आहे.

लाकडाच्या रंगीत नक्षीपासून सुरुवात करू. इंग्लंडच्या केंट परगण्यातील टनब्रिज कामात वेगवेगळ्या नैसर्गिक रंगांच्या लाकडाच्या बारीक काड्या चित्राच्या आराखड्याप्रमाणे एकत्र चिकटवून त्यांचा ठोकळा करत आणि मग त्या ठोकळ्याचे आडवे पातळ काप काढत. प्रत्येक कापावर तेच चित्र उतरलेले असे. जपानमधील हाकोने येथील योसेगी कामातही ठोकळा बांधून त्यावरून कागदासारखे पातळ पापुद्रे काढण्याचे तत्त्व आहे. याच भागात काही फळ्या ठरावीक क्रमाने सरकवल्याशिवाय न उघडणाऱ्या कोड्याच्या पेट्या बनतात. इराणमधील शिराझ आणि इस्फहान येथील खातमकारी, तसेच मुंबई आणि सुरत येथे बनणारे सडेली काम, यांत लाकडाबरोबर हाड, हस्तिदंत आणि धातूच्या तारा एकत्र बांधलेल्या असतात. तारांच्या टोकांचे चकाकते ठिपके भिंगातून पाहिले म्हणजे त्यामागच्या मेहनतीची कल्पना येते. छापील कागद चिकटवून केलेली नक्कल भिंगाखाली लगेच उघडी पडते, कारण तिच्यात छपाईचे ठिपके दिसतात आणि लाकडाचे रेषे दिसत नाहीत.

लाखकाम हा दुसरा मोठा प्रांत. जपानी लाखकाम झाडाच्या चिकापासून होते. हा चीक नुसता वाळत नाही, तर ऊबदार आणि दमट हवेत रासायनिक क्रियेने कठीण होतो. ओल्या लेपावर सोन्याची भुकटी भुरभुरून केलेल्या नक्षीला माकिए म्हणतात. रशियन पेट्या मात्र कागदाच्या पुठ्ठ्यांचे थर दाबून केलेल्या असतात. फेदोस्किनो येथील परंपरा १७९५ पासूनची असून तेथे तैलरंग वापरतात, आणि पुष्कळदा चित्राखाली शिंपल्याचा तुकडा किंवा धातूचा वर्ख ठेवून रंगाला आतून उजळा देतात. पालेख हे मुळात धार्मिक चित्रे काढणाऱ्यांचे गाव होते. १९१७ च्या क्रांतीनंतर त्या चित्रांची मागणी संपली तेव्हा तेथील चित्रकार १९२० च्या दशकात पेट्या रंगवू लागले. म्हणूनच काळ्या पार्श्वभूमीवरील त्यांच्या लांबट आकृतींत आणि सोन्याच्या बारीक रेषांत जुन्या धर्मचित्रांचा हात ओळखू येतो.

स्कॉटलंडमधील मॉकलिन काम हे फिकट सिकॅमोर लाकडावर स्थळचित्रांची छपाई उतरवून वर रोगणाचे अनेक हात दिलेले असते. तेथील प्रमुख कारखान्याला १९३३ साली आग लागली आणि ही परंपरा तेथेच थांबली. गवताच्या रंगवलेल्या काड्या चिरून, सपाट करून केलेली नक्षीही आवर्जून पाहावी. इंग्लंडमधील नॉर्मन क्रॉस येथील छावणीत १७९७ ते १८१४ या काळात ठेवलेल्या फ्रेंच युद्धकैद्यांनी अशा पेट्या करून विकल्या. साधन म्हणजे केवळ वाळके गवत, आणि तरीही रेशमासारखी झळाळी!

पेटी खरोखर जुनी आहे हे कसे ओळखावे?

आधी आतून पाहावे, मग तळ पाहावा आणि दर्शनी भाग सर्वांत शेवटी पाहावा. दर्शनी भागावर प्रत्येक पिढीने हात फिरवलेला असतो, पण खणाखाली, कुलपामागे आणि अस्तराच्या कडेला सहसा कोणी फिरकलेले नसते.

लोखंडी सामान बरेच काही सांगते. हाताने घडवलेल्या जुन्या स्क्रूंचे टोक बोथट असते, त्यांचे आटे असमान असतात आणि डोक्यावरची खाच थोडी एका बाजूला गेलेली असते. यंत्रावर बनलेले टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रुळले. डोक्यावर अधिकचिन्हासारखी खाच असलेले स्क्रू तर १९३० च्या दशकातले. असा स्क्रू दिसला म्हणजे पेटी नवी ठरत नाही, पण तेथे कोणीतरी नंतर हात घातला आहे एवढे नक्की होते.

करवतीच्या खुणाही पाहाव्यात. रंधा न मारलेल्या आतल्या बाजूवर सरळ, थोड्या वेड्यावाकड्या रेघा असतील तर हातकरवत चालली आहे, आणि कमानदार रेघा असतील तर गोल यांत्रिक करवत. ही दुसरी खूण बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या तृतीयांशापासून पुढची असते. व्हिनियर म्हणजे वर चिकटवलेला शोभेच्या लाकडाचा पातळ थर. तो हाताने कापलेला असेल तर दीड-दोन मिलिमीटर जाड असू शकतो, तर यंत्राने कापलेला थर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ निघतो. झाकणाच्या आतल्या कडेवर किंवा किल्लीच्या भोकाशी ही जाडी पाहता येते.

अस्तराचा रंगही साक्ष देतो. विल्यम पर्किन यांनी १८५६ साली पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला, त्यामुळे अस्तरावर भडक रासायनिक जांभळा दिसला तर ते अस्तर त्यानंतरचे. पेटी आधीची असून अस्तर नंतर बदललेले असण्याचीही शक्यता येथे ध्यानात ठेवावी लागते. जुन्या लाकडाचा रंग उन्हाकडच्या बाजूला फिका आणि बिजागरीच्या पत्र्याखाली गडद राहिलेला असतो. सर्वत्र एकसारखा ‘जुनाट’ रंग दिसला तर संशय घ्यावा.

झीज कोठे आहे हेही विचारपूर्वक पाहावे. हात जेथे लागतो तेथे, म्हणजे झाकणाच्या पुढच्या कडेला, किल्लीभोवती आणि तळाच्या कोपऱ्यांवर, ती हवी. जेथे बोट पोचतच नाही अशा जागी ओरखडे असतील, तर ते कोणीतरी मुद्दाम पाडलेले असतात.

पेटीवरील छापील खुणांवरून काळ ठरवता येतो का?

काही वेळा अगदी नेमका ठरवता येतो. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यानुसार १८९१ पासून तेथे येणाऱ्या मालावर उत्पादक देशाचे नाव लिहिणे बंधनकारक झाले. जपानी वस्तूंवर तेव्हा ‘निप्पॉन’ लिहीत आणि १९२१ नंतर ‘जपान’. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ ही खूण दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता त्या काळातली, म्हणजे १९५२ पूर्वीची. पत्र्याच्या डब्यांपुरते बोलायचे तर रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ मध्ये पत्र्यावरील ऑफसेट छपाईचे पेटंट घेतले, आणि थेट पत्र्यावर छापलेले बहुरंगी डबे त्यानंतर झपाट्याने पसरले. देशाचे नाव नाही म्हणून पेटी १८९१ पूर्वीचीच, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. तो कायदा एका देशाच्या आयातीपुरता होता, आणि कागदी चिठ्ठ्या गळूनही पडतात.

‘जोडपेटी’ म्हणजे काय, आणि ती टाळावी का?

एका पेटीचे झाकण, दुसरीचे खण आणि तिसरीचे कुलूप अशी जुळणी करून उभ्या केलेल्या पेटीला या लेखात आपण जोडपेटी म्हणू. तिचे सर्व भाग जुने असल्यामुळे ती साध्या तपासणीत पकडली जात नाही. बिजागरीच्या जागी बुजवलेली जुनी भोके, कुलपाचा आकडा आणि झाकणातील खाच यांचा न जुळणारा मेळ, किंवा खणाभोवती सैल राहिलेली फट या खुणा शोधाव्यात. शिवणाच्या पेटीतले विभाग काढून ती चहाची पेटी म्हणून विकल्याचे प्रकारही होतात. सफरचंद, पेअर अशा फळांच्या आकाराच्या लाकडी चहापेट्यांच्या नकला तर इतक्या आहेत की तेथे अनुभवी माणसाचा सल्ला घेतल्याविना पुढे जाऊ नये. घरात वापरायला जोडपेटी घेण्यास हरकत नाही, पण ती जोडपेटी आहे हे माहीत असावे आणि मोबदलाही त्याच हिशेबाने द्यावा.

हस्तिदंत किंवा कासवाचे कवच असलेली पेटी घ्यावी का?

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा ‘सायटीस’ करार १९७५ पासून अमलात आहे. आफ्रिकी हत्तीला १९८९ च्या निर्णयाने त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, घेतले गेले आणि हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबला. ज्याचे कवच पेट्यांवर चढवत ते हॉक्सबिल कासव याच परिशिष्टात आहे. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, आणि रोझवूडच्या उरलेल्या दालबर्जिया वंशाला २०१७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टाचे, म्हणजे परवान्यासह व्यापार करू देणाऱ्या यादीचे, नियम लागू झाले. देशांतर्गत कायदे ठिकठिकाणी वेगळे आणि कधी याहून कडक असतात, म्हणून अशी पेटी विकत घेण्याआधी, विकण्याआधी किंवा सीमेपार नेण्याआधी ते स्वतः तपासावेत. वारशाने आलेली पेटी असेल तरी तिची कागदपत्रे आणि जुने फोटो जपून ठेवावेत.

ओळख पटवण्यासाठी भिंग पुरते. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा दिसतात. बाहेरच्या बाजूला त्यांचा कोन ११५ अंशांहून मोठा असेल तर तो हत्तीचा दात, ९० अंशांहून लहान असेल तर मॅमथचा. हाडावर बारीक काळसर ठिपके किंवा तुटक रेघा असतात. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या नकलेत रेघा असतात, पण त्या समांतर आणि अतिशय नेमक्या असतात. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये, कारण त्याने वस्तू कायमची डागाळते, आणि सेल्युलॉइड तर चटकन पेट घेते.

कोणते दोष चालतील आणि कोणते नाहीत?

व्हिनियरमधील केसासारखी चीर, कोपऱ्याचा लहान टवका, विटलेले अस्तर किंवा हरवलेली किल्ली यांमुळे पेटी सोडून देऊ नये. झाकण बसत नसेल, तळ बाकदार झाला असेल, ताजा लाकडी भुगा गळत असेल किंवा मूळ पृष्ठभाग घासून वर चकचकीत पॉलिश चढवले असेल, तर मात्र दोनदा विचार करावा. यांपैकी शेवटचा दोष मला सर्वांत वाईट वाटतो, कारण मोडलेले जोडता येते, पण घासून काढलेला दीडशे वर्षांचा पृष्ठभाग परत आणता येत नाही.

जुनी पेटी स्वच्छ कशी करावी?

मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकून ती व्हॅक्यूम क्लिनरच्या नळीने ओढून घ्यावी आणि नळीच्या तोंडावर जाळीचे कापड बांधावे, म्हणजे सुटलेला व्हिनियरचा कण आत जाणार नाही. एवढ्यावर नव्वद टक्के काम संपते असे समजण्यास हरकत नाही.

त्यापुढे जायचे असल्यास पृष्ठभाग कशाचा आहे हे कळायला हवे. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक चकचकीत लाकडी पेट्यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचे फ्रेंच पॉलिश असते. ते अल्कोहोलने क्षणात विरघळते. सॅनिटायझर लावलेला ओला हातसुद्धा त्यावर पांढरट ठसा सोडतो. माझ्याकडील एका शिवणपेटीच्या झाकणावर असा तळव्याचा ठसा कित्येक वर्षांपासून आहे आणि तो पाहिला की मी पाहुण्यांना पेटी देण्याआधी हात कोरडे करायला सांगतो. पाणी सरसाचे जोड सैल करते. सिलिकोन असलेली फवारणीची पॉलिशे तात्पुरती चमक देतात, पण पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर त्यांच्यावर नवे पॉलिश धरत नाही. सुस्थितीतील लाकडावर वर्षातून एकदा सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अगदी पातळ हात पुरेसा होतो. संग्रहालयांत वापरले जाणारे ‘रेनेसाँस वॅक्स’ हे त्याच जातीचे मेण ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झाले. सुटलेल्या व्हिनियरवर, गवताच्या नक्षीवर किंवा रंगवलेल्या चित्रावर मेण लावू नये.

पितळी पट्ट्या आणि कोपरे चकचकीत करावेत का?

शक्यतो नाही. पॉलिशची पांढरी भुकटी लाकडाच्या सांध्यात कायमची अडकते. करायचेच असेल तर भोवतीच्या लाकडावर पातळ प्लास्टिकची पट्टी धरावी आणि कोरड्या मऊ कापडाने घासावे. पितळी नक्षीची तार वर उचलली गेली असेल तर ती दाबून बसवू नये. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते आणि पितळ आकसत नाही, म्हणून ती उचलली गेली आहे, आणि जोर केला तर ती वाकेल किंवा तिच्या बाजूचे लाकूड फुटेल.

किल्ली हरवलेली पेटी कशी उघडावी?

प्रथम ती खरोखर कुलूपबंद आहे का हे पाहावे, कारण पुष्कळदा झाकण जुन्या मेणाने किंवा फुगलेल्या लाकडाने नुसते चिकटलेले असते. कुलूप लागलेले असेल तर पेचकस घालून झाकण उचकटू नये. सुटी मिळणारी जुनी किल्ल्यांची जुडी चालवून पाहावी. साध्या पेट्यांची कुलपे थोड्या ठरावीक मापांत बनत, त्यामुळे एखादी किल्ली लागण्याची शक्यता बरी असते. तेही न जमल्यास जुन्या कुलपांचे काम करणाऱ्या कारागिराकडे जावे.

किल्लीचे भोक लहान, गोल आणि मध्ये दांडी असलेले दिसले तर ते कुलूप जोसेफ ब्रामा यांच्या पद्धतीचे असू शकते. त्याची किल्ली म्हणजे टोकाला खाचा असलेली छोटी नळी. १७८४ साली पेटंट झालेले हे कुलूप किल्लीशिवाय उघडून दाखवणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस लावले होते, आणि ते १८५१ साली ए. सी. हॉब्ज या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने पन्नासहून अधिक तास खर्ची घालून जिंकले. तेव्हा असे कुलूप घरच्या घरी तारेने उघडण्याची खटपट करू नये. ज्या पेटीची किल्ली नाही तिचे कुलूप उघडल्यावर आकडा आत राहील याची खात्री करावी आणि झाकण व कडेच्या मध्ये कापडाची पातळ पट्टी ठेवावी, म्हणजे नकळत पुन्हा कुलूप लागणार नाही.

लेखनाच्या पेटीत चोरकप्पा असतो असे म्हणतात. तो कसा शोधावा?

प्रत्येक पेटीत तो नसतो. शोधण्यासाठी पेटीची बाहेरची आणि आतली मापे घेऊन त्यांची तुलना करावी. दौतीच्या खणाशेजारी किंवा टाकाच्या खणाखाली दोन-तीन सेंटिमीटरांचा हिशेब लागत नसेल तर तेथे बारकाईने पाहावे. पुष्कळ पेट्यांत दौत बाहेर काढून तिच्या खणाची भिंत वर ओढली किंवा दाबली की स्प्रिंगवर धरलेली पातळ फळी सुटते आणि मागे दोन-तीन इवल्या खणांची ओळ दिसते. बोटाच्या दाबाने जे होणार नाही ते हत्याराने करू नये. आत जुना कागद सापडलाच तर तो घडी मोडून पसरण्याआधी जसाच्या तसा फोटोत टिपून घ्यावा.

पेटीला येणारा कुबट वास कसा घालवावा?

पेटी उघडी ठेवून, थेट उन्हात नव्हे तर सावलीत, वाऱ्याला काही दिवस ठेवावी. मग उघड्या वाटीत सक्रिय कोळसा ठेवून झाकण लावावे आणि आठवड्याने कोळसा बदलावा. अत्तर किंवा सुगंधी तेल आत शिंपडणे चूक आहे, कारण तेल लाकडात मुरते आणि वास दुप्पट होतो. डांबराच्या गोळ्यांची वाफ काही जुन्या प्लास्टिकना आणि रोगणांना मऊ करते, म्हणून त्याही टाळाव्यात. कापरासारखा वास पेटीतल्या फणीला, मुठीला किंवा बटणांना येत असेल, तर ते सेल्युलॉइड विघटन पावत असल्याचे लक्षण आहे. त्यातून निघणारी आम्ले शेजारच्या धातूला गंजवतात. अशी वस्तू बाहेर काढून हवेशीर आणि थंड जागी वेगळी ठेवावी.

लाकडात किडे आहेत हे कसे कळते, आणि काय करावे?

एक-दोन मिलिमीटरची गोल भोके म्हणजे भुंगेऱ्याचे बाहेर पडण्याचे मार्ग. ती जुनी आणि निर्जीव असू शकतात. पेटी काळ्या कागदावर ठेवून महिनाभर पाहावी. कागदावर ताजा फिकट भुगा पडला तर कीड चालू आहे. साध्या लाकडी पेटीसाठी गोठवण्याचा उपाय करता येतो. पेटी पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळून हवा काढून टाकावी, उणे २० अंश सेल्सिअसला किमान दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस गुंडाळी सोडू नये, म्हणजे दव लाकडावर न बसता प्लास्टिकवर बसते. लाखकाम, जडावकाम, चित्रे किंवा आरसा असलेल्या पेट्यांना हा उपाय करू नये. त्या जतनतज्ज्ञाकडे द्याव्यात.

घरात पेटी कोठे ठेवावी?

खिडकीसमोर, तापकाच्या वर, वातानुकूलकाच्या झोतात आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवू नये. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम, पण तो आकडा गाठण्यापेक्षा चढउतार हळू होणे महत्त्वाचे आहे. साठ टक्क्यांना सरावलेली पेटी एका रात्रीत पस्तीसवर आणली की झाकण फुटते. ऊन तर सर्वांचाच शत्रू आहे. टनब्रिज कामाचे रंग आणि रेशमी अस्तर त्याने विटतात, आणि जपानी लाखकाम अतिनील किरणांनी एवढे कमजोर होते की पुढे साध्या ओल्या हातानेही त्याचा पृष्ठभाग बिघडतो. रोज दिसावी म्हणून पेटी बाहेर हवी असेल तर दोन-तीन पेट्या आळीपाळीने मांडाव्यात.

उचलताना नेहमी तळाला दोन्ही हात द्यावेत. वरच्या कड्या आणि मुठी अनेकदा केवळ शोभेपुरत्या उरलेल्या असतात.

जुन्या पेटीत रोजच्या कोणत्या वस्तू ठेवता येतील?

पेटी ही मुळात काहीतरी जपण्यासाठी जन्मली आहे, आणि कायम रिकामी पेटी मला अपुरी वाटते. लेखनाच्या पेटीत पत्रे आणि पेन, शिवणाच्या पेटीत दोरे आणि बटणे, तपकिरीच्या डबीत कानातले, चहाच्या पेटीत घराच्या किल्ल्या आणि चार्जरच्या तारा हे सारे शोभते. अट एवढीच की वस्तू ठेवण्यासाठी पेटीत कोणताही कायमचा बदल करू नये. तारेसाठी भोक पाडणे, नवे अस्तर चिकटवणे किंवा अडसर वाटणारे खण तोडून टाकणे हे सर्व टाळावे. खण काढावाच लागला तर तो कागदात गुंडाळून, कोणत्या पेटीचा हे लिहून जपावा. आत सुटा, आम्लमुक्त कागद किंवा धुतलेले सुती कापड अंथरले की दोन्ही बाजूंचे रक्षण होते.

काही वस्तूंच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ओकसारखी लाकडे ॲसेटिक आम्लाची वाफ सोडतात. बंद पेटीत ती साचून शिशाच्या वस्तूंवर पांढरी भुकटी आणि शिंपल्यांवर पांढरे स्फटिक तयार करते. लोकर किंवा रबर असलेल्या अस्तरातील गंधकामुळे चांदी काळी पडते. फोटो आणि महत्त्वाचे कागद आधी आम्लमुक्त पाकिटात घालावेत आणि मगच पेटीत ठेवावेत.

खाण्याचा कोणताही पदार्थ आणि औषधे ठेवू नयेत. जुन्या चहापेट्यांच्या आत शिसेमिश्रित पत्रा असतो आणि जुन्या रंगांतही शिसे असते. एकोणिसाव्या शतकातील भडक हिरवा अस्तरकागद आर्सेनिकयुक्त असू शकतो. शीले यांचा हिरवा रंग १७७५ चा आणि एमराल्ड ग्रीन १८१४ चा, आणि दोन्हींत आर्सेनिक आहे. असे अस्तर घासू नये, हातमोजे घालून हाताळावे आणि लहान मुलांच्या हाती ती पेटी देऊ नये.

संगीतपेटी वाजवायला काढली तर चालेल का?

चालेल, परंतु आधी जाणकाराकडून तपासून घ्यावी. जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र यांनी १७९६ मध्ये धातूच्या दातांचे संगीतयंत्र सादर केले, आणि नंतरच्या पेट्यांत खिळ्यांचे दंडगोल फिरून फणीचे दात छेडतात. दंडगोलाचा वेग आवरणारा पंखा किंवा त्याचे चक्र निसटले की गुंडाळलेली स्प्रिंग एका क्षणात मोकळी होते, दंडगोल भन्नाट फिरतो आणि फणीचे दात व खिळे मोडून पडतात. म्हणून स्प्रिंग भरलेली असताना यंत्राचा कोणताही स्क्रू सोडू नये. पेटी हलवायची असेल तर सूर पूर्ण संपू द्यावा, कारण अर्ध्यावर थांबलेल्या यंत्रात खिळे आणि दात एकमेकांत अडकलेले असतात.

दुरुस्ती घरी करावी की कारागिराकडे द्यावी?

निखळलेला व्हिनियरचा तुकडा पाकिटात घालून पेटीतच ठेवणे, ही घरी करण्यासारखी सर्वांत चांगली दुरुस्ती. जुने जोड प्राण्यांच्या सरसाने केलेले असतात. तो ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो, म्हणून पुढची दुरुस्ती शक्य राहते. झटपट चिकटणारा गोंद किंवा इपॉक्सी वापरले की तो मार्ग बंद होतो. कारागिराला काम देताना सरस वापरणार का, मूळ पॉलिश राखणार का आणि काढलेले जुने भाग परत देणार का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

संग्रहाची नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक पेटीचे सहा बाजूंचे, आतले आणि कुलपाचे फोटो, मापे, मिळाल्याची तारीख, विकणाऱ्याने सांगितलेली माहिती आणि आपण स्वतः पाहून ठरवलेली माहिती अशी नोंद करावी. शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात, कारण कालांतराने ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांतील सीमा पुसट होते. पेटीला चिकटपट्टी लावू नये आणि तळावर शाईने क्रमांक टाकू नये. आम्लमुक्त कागदाच्या लहान तुकड्यावर पेन्सिलीने क्रमांक लिहून तो तळातल्या खणात सुटा ठेवावा. आधीच्या मालकाची अशी चिठ्ठी, दोऱ्याचे रिळ किंवा मोडकी किल्ली पेटीत सापडली तर ती टाकून न देता त्याच पेटीत, त्याच खणात राहू द्यावी.